लग्नाच्या पत्रिका, पाच दिवस आणि एकच प्रश्न

आधीच सांगते, हे पत्रिका वाटायच्या फेरीचं वर्णन आहे. कास, ठोसेघर, सज्जनगड यातलं काहीही आम्ही बघितलं नाही, फक्त लोकांच्या बैठकीच्या खोल्या बघितल्या आणि चहा प्यालो, पाच दिवसांत माझे मोजून एकेचाळीस कप झाले. नानांच्या (माझे सख्खे चुलते) धाकटीचं लग्न आहे, मी जर्मनीवरनं तीन आठवड्यांची सुट्टी काढून आलेय आणि घरात सगळ्यात रिकामी मीच दिसले म्हणून मला गाडीत घातलं.

दिवस पहिला, शनिवार. पुणे ते सातारा

दादा मला न्यायला पुण्यात आला होता. खंबाटकी चढेपर्यंत त्यानं कसाबसा दम धरला आणि मग विचारलंच, "काय गं, तिकडं तुम्हाला हाकलणारा पक्ष आलाय म्हणं, खरं का? आणि लोक असल्यांना मतं का देतात?"

हा प्रश्न पुढं मला तासगावच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी विचारला आणि मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलं, कारण आधीचं उत्तर कुणीतरी उडवून लावलेलं असायचं. म्हणून तर हे लिहायला बसले.

खरं आहे म्हटलं. मी राहते ड्रेस्डेनला, झाक्सन राज्यात, म्हणजे पूर्वीचा पूर्व जर्मनी. पक्षाचं नाव एएफडी, कडवा उजवा. २०१३ ला काही अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी काढला, तेव्हा मुद्दा एवढाच की युरो हे चलन नको. पहिल्या निवडणुकीत ४.७ टक्के मतं, आणि तिकडं संसदेत जायला ५ टक्के लागतात, म्हणजे दारातच अडकले. २०१५ ला ते प्राध्यापकच पक्षातनं बाहेर पडले, त्याच वर्षी सीरिया वगैरे देशांतनं नऊ लाखांच्या आसपास निर्वासित आले आणि पक्षाचा सूरच बदलला, आता बाहेरनं येणाऱ्यांविरुद्ध. २०१७ ला १२.६ टक्के, मधे एकदा १०.३ वर घसरले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत २०.८, देशात दुसरा नंबर. आमच्या झाक्सनमधे ३७ टक्के आणि थेट पहिला नंबर.

"म्हणजे लिफ्टमधे तीन माणसं असली तर त्यातला एक," दादा म्हणाला. मी हे गणित आजपर्यंत मुद्दाम केलं नव्हतं.

साताऱ्यात पोचलो, कंदी पेढे झाले, पत्रिकांचे गठ्ठे, हळदकुंकू, अक्षता, कुणाला आहेर कुणाला नुसती पत्रिका याची यादी, आणि जेवताना नानांनी निकाल देऊन टाकला, "बेकारी असणार. पोटात नसलं की माणूस असलं करतो." नाना तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवतात, जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना गिऱ्हाइकाच्या खिशावरनं कळते.

मला पण आधी असंच वाटायचं. पण मग स्पेनचं काय करायचं? तिकडं २०१३ ला बेकारी २६ टक्क्यांच्या आसपास होती, चौघातला एक घरी बसलेला, आणि वॉक्स नावाचा असलाच पक्ष त्याच वर्षी निघाला, पण २०१५ च्या निवडणुकीत त्याला अर्धा टक्कासुद्धा मतं पडली नाहीत. २०१९ पर्यंत बेकारी निम्म्यावर आली आणि तेव्हा त्यांना १५ टक्के मिळाले. जर्मनीत २००५ ला पन्नास लाख लोक बेकार होते, तेव्हा असला एकही पक्ष देशाच्या संसदेत नव्हता. नाना म्हणाले, मग उधारी असंल. म्हटलं नाना झोपा आता.

पण झोपायच्या आधी त्यांनी एक चांगलं विचारलं, की हे उजवे म्हणजे नेमके कसले, धंदा मोकळा करा म्हणणारे का? तर नाही, तोच घोळ होतो सगळ्यांचा. कास मुडं नावाचा एक डच अभ्यासक आहे, त्याची मांडणी मला पटते. तो म्हणतो तीन गोष्टी बघा. एक, देश फक्त मूळच्या लोकांचा, बाहेरचा आला की धोका. दोन, कडक शिस्त आणि कडक शिक्षा. तीन, साधी भोळी जनता विरुद्ध वरचे सगळे चोर. बाजाराचं त्यात काहीच नाही. फ्रान्समधे २०२३ ला निवृत्तीचं वय ६४ केलं तेव्हा मरीन ल पेनचा कडवा उजवा पक्ष विरोधात उभा होता, पेन्शन द्या पण आपल्यांना आधी द्या, असं. नाना म्हणाले, "हां, म्हणजे पंगत ठेवा, पण भावकीची."

दिवस दुसरा, रविवार. सातारा, आमचं गाव, कराड

सकाळी साताऱ्यातली अठरा घरं उरकली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, एका घरी कुत्रं अंगावर आलं एवढंच.

दुपारी गावात गेलो, कराडच्या अलीकडं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचो तेव्हा रात्री साडेआठला मुक्कामाची गाडी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, त्यांना कुणाच्यातरी घरनं भाकरी-कालवण जायचं. ती गाडी बंद झाली. शाळेत पोरं अकरा उरलीत. पारावर दोन म्हातारे होते, त्यातल्या एकानं मला ओळखलं नाही पण माझ्या वडिलांचं नाव सांगितल्यावर हात धरून पाच मिनिटं सोडला नाही. "समदी गेली बघ पोरी. आता कोण इचारतंय हितं."

युरोपात हे अभ्यासकांनी मोजलंय. इंग्लंडमधे गावातले पब बंद पडले त्याचा नकाशा आणि यूकेआयपी या असल्याच उजव्या पक्षाकडं झुकलेल्या लोकांचा नकाशा एका अभ्यासिकेनं ताडून बघितला, तर जिथं पब गेला तिथं कल वाढलेला. आता पब म्हणजे दारूचा अड्डा असं आपल्याला वाटतं पण तिकडं तो पारच असतो, मॅच बघायची, कुणाचं काय चाललंय ते कळायचं. इटलीत २०१० ला सरकारनं ठरवलं की पाच हजारांच्या आतल्या गावांनी सरकारी सेवा शेजारच्या गावांबरोबर मिळून चालवायच्या, खर्च वाचवायला, आणि नंतर बघितलं तर त्याच गावांत कडव्या उजव्यांची मतं बाकीच्या गावांपेक्षा जास्त वाढलेली. पैसे वाचले असतील. पूर्व जर्मनीत १९९० नंतर कारखाने बंद पडले, शिकलेल्या पोरी आधी पश्चिमेला गेल्या, मग पोरं, मग शाळा, मग दवाखाना.

हे मी दादाला गाडीत सांगत होते आणि मला वाटलं उत्तर सापडलं. ते कराडपर्यंत टिकलं.

कराडला धाकटीचे मामा. मामा म्हणजे बारा एकर बागायत, दोन मजली बंगला, दारात ट्रॅक्टर आणि नवी कोरी गाडी. नवरीचा मामा म्हणजे लग्नात काय असतो ते सांगायला नको. पत्रिका हातात घेतली, हळद लावलेला कोपरा बघितला, चष्मा लावला, आणि वाचत वाचत खाली आले ते व्यवस्थापकांच्या यादीत थांबले. बोट तिथंच. मामी पोहे घेऊन आल्या, कुणी हात लावेना.

झालं होतं असं की मामांचं नाव वेगळ्या ओळीत, ठळक यायचं होतं, पण छापणाऱ्यानं ते व्यवस्थापकांत टाकलं, सातव्या नंबरला. आणि त्याच्या वर निमंत्रकांत नानांच्या दुकानातल्या भागीदाराचं नाव, आमचे प्लायवुडवाले शेठ, मूळचे राजस्थानचे.

मामा आवाज न चढवता म्हणाले, "दाजी, माझ्या बहिणीची पोरगी. आणि माझ्या वर कालचा आलेला माणूस?"

कालचा म्हणजे १९९४ ला आलेला. शेठ आमच्यापेक्षा अस्सल सातारी बोलतात, त्यांच्या पोरीनं शिवजयंतीला पोवाडा म्हटलेला आहे. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. नाना म्हणाले छापायची चूक आहे. मामा म्हणाले, "चूक बरोबर माझ्याच नावाची होती." लग्नाला येईन म्हणाले नाहीत, येणार नाही असंही म्हणाले नाहीत. पोहे तसेच राहिले.

प्रीतिसंगमावर जाऊन बसलो तिघंही, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते बघत. नाना खचलेच होते. आणि मला एकदम आमच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या आजी आठवल्या.

या आजी पूर्वी ड्रेस्डेनच्या पेंटाकॉन कॅमेरा कारखान्यात होत्या, लेन्स तपासायच्या. जर्मनी एक झाली त्याच वर्षी, १९९० ला, कारखाना बंद करायचं ठरलं, हजारो लोक घरी. आजींना आज पैशाची अडचण नाही, पेन्शन आहे, घर उबदार आहे, वर्षातनं एकदा समुद्रावर जातात. मत कुणाला देतात ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि त्यांच्या दारातल्या वर्तमानपत्रावरनं मी कधीच ओळखलंय. पण त्या बोलतात ते पैशाबद्दल नसतं. त्या सांगतात की पश्चिमेकडनं तिशीतला एक साहेब आला, त्यानं आमचं सर्टिफिकेट बघितलं आणि म्हणाला हे इथं चालत नाही. पस्तीस वर्षं झाली, त्याच्या टायचा रंग त्यांना आठवतो. मी गावी आले की माझ्या कुंड्यांना पाणी त्याच घालतात. "तू वेगळी आहेस," म्हणतात, "तू काम करतेस, तुझं मी म्हणत नाही." प्रत्येक वेळी मी थँक्यू म्हणते आणि जिना चढताना मला स्वतःचाच राग येतो.

तर गरिबी नाही, मानपान. यादीत आपलं नाव कुठल्या ओळीत होतं, आता कुठं आहे आणि वर कोण येऊन बसलं. आपल्याकडं एक फूट बांधासाठी कोर्टात जाऊन दोन एकर विकलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांना कुणी हिशोब कळत नाही असं म्हणत नाही. पण जर्मन म्हातारीनं मत दिलं की लगेच विद्वान लोक म्हणतात बघा, स्वतःच्या हिताविरुद्ध मत देते.

दादानं विचारलं मग आपल्याकडचं पण असंच का, आणि नाना पहिल्यांदा हसले, "लग्नाच्या पत्रिका वाटायच्यात, मतपत्रिका नाही. ऊठ."

दिवस तिसरा, सोमवार. शेणोली, कुंडल, तासगाव

उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं मागनं. एकाला ओव्हरटेक केलं की पुढं दुसरी, वर टेपवर गाणी. रस्त्याकडेला टोळ्यांच्या पालांच्या ओळी, बीडकडची माणसं, थंडीची पहाटे चारला उठून फडात. शेणोली स्टेशन लागलं, १९४३ ला प्रतिसरकारवाल्यांनी इथं पगाराची रेल्वे लुटली होती. पुढं कुंडल. नाना दरवेळी इथं गाडी हळू करायला लावतात आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं सांगतात, मी पण दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते. यावेळी मात्र डोक्यात दुसरंच चालू होतं. सावकाराला जाब विचारणारी, गावोगाव न्यायनिवाडा करणारी, बिनहुंड्याची लग्नं लावणारी ही गावं, आणि १९४८ ला गांधीहत्येनंतर याच पट्ट्यात शेजाऱ्यांची घरं जाळली गेली, चूक काय तर जात. राग तोच म्हणायचा का वेगळा, मला सांगता येत नाही. पण राग हातात घेऊन पुढं कोण चालतंय यानं फरक पडत असणार, एवढं वाटलं. ते उद्यावर ठेवलं.

तासगावला व्याही. द्राक्षबाग, शिवाय बेदाण्याचं शेड, हिरव्या नेटखाली एकावर एक जाळीचे रॅक आणि त्यावर सुकत घातलेली द्राक्षं, आत गेलं की आंबटगोड वासानं डोकं जड होतं. बिहारची सहा पोरं काम करत होती, एक जण रॅकच्या कडेनं चालत बोटानं मणी दाबून बघत होता, कुठला अजून ओला आहे ते. व्याह्यांनी ओंजळभर बेदाणा दिला आणि म्हणाले, "ही पोरं नसती तर बाग कवाच काढून टाकली असती. आपली पोरं येत्यात का शेतात?" पाच मिनिटांनी, त्याच जागी उभं राहून, "पण ही लोकं लई वाढली बघा गावात. संध्याकाळी चौकात हीच दिसत्यात."

मी त्यांना एल एहिदो गावाचं सांगितलं. स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया नावाचा भाग आहे, तिथं प्लास्टिकची हरितगृहं इतकी की अवकाशातनं पांढरा डाग दिसतो. टोमॅटो, ढबू मिरची, सगळा युरोप खातो. काम करायला मोरोक्को आणि बाकी आफ्रिकेतले मजूर. त्यांच्याशिवाय एक क्रेट हलत नाही. २००० च्या फेब्रुवारीत एका स्थानिक बाईचा खून झाला, आरोपी मोरोक्कोचा, आणि तीन दिवस मजुरांच्या झोपड्या, दुकानं, सगळं फोडलं. आणि २०१८ च्या डिसेंबरात तिथल्या प्रादेशिक निवडणुकीत, जेव्हा स्पेनमधे बाकीच्यांना हा पक्ष नीट माहीत पण नव्हता, एल एहिदोत वॉक्स पहिल्या नंबरला.

व्याही म्हणाले, "मग काय, बरोबरच आहे की, जास्त झाले असतील."

पण इथंच तर गणित बिघडतं ना. आमच्या झाक्सनमधे बाहेरचे लोक हँबर्ग-फ्रँकफर्टच्या मानानं फारच कमी आहेत आणि मतं कितीतरी जास्त. जिथं परका रोज भाजी घेताना भेटतो तिथं भीती कमी, आणि जिथं तो फक्त मोबाइलमधे आणि शेजारच्या गावात आहे तिथं जास्त, असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. आपल्याकडं २०२२ ला जत तालुक्यात चार साधूंना पोरं पळवणारी टोळी समजून मारहाण केलीच ना लोकांनी, वाट विचारायला थांबले होते बिचारे. मला वाटतं किती आले यापेक्षा किती झपाट्यानं आले, आणि आल्यावर नातं काय जुळलं, नुसतं मालक-मजूर का अजून काही, याच्यावर आहे ते. एल एहिदोत शेजारी राहतात पण एका बाकावर बसत नाहीत.

"आमी बसतो की," व्याही म्हणाले. तेवढ्यात जेवायची हाक आली. आम्ही आत बसलो, पोरं शेडमधे.

दिवस चौथा, मंगळवार. सांगली

रात्री आत्याकडं मुक्काम होता. सकाळी गणपती, मग नऊ घरं, मग दुपारी हळदीच्या पेठेतनं गाडी काढताना आरशाला टेम्पो घासला, दादाचं आणि त्या टेम्पोवाल्याचं पाऊण तास चाललं, शेवटी दोघं एकाच गावचे निघाले.

संध्याकाळी आतोबांबरोबर आयर्विन पुलावर फिरायला. आतोबा पाटबंधारे खात्यातनं रिटायर, सांगलीत पाण्याबद्दल बोलायला प्रत्येकालाच आवडतं पण त्यांना आकड्यांसकट आवडतं. २०१९ ला इथं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आत्याच्या घरात फ्रीज तरंगत होता. तेव्हापासनं सांगलीत एकच वाद, पूर पावसानं आला का धरणानं. कोयनेतनं विसर्ग उशिरा केला का, अलमट्टीच्या फुगवट्यानं पाणी तुंबलं का, आता कर्नाटक अलमट्टी ५१९ वरनं ५२४ मीटर करणार, मग काय होणार.

मी त्यांना तीन दिवसांचं सगळं सांगितलं, बेकारी, पब, मानपान, बिहारी पोरं. त्यांनी ऐकून घेतलं, कठड्याला टेकले आणि म्हणाले, "हे तू सगळं पावसाचं सांगितलंस. विसर्गाचं बोल."

म्हणजे? "म्हणजे राग, मानपान, परक्याची भीती, हे काय काल पडायला लागलं का? पाऊस दरवर्षी असतोय. खाली पाणी कधी येतं ते दार कोण उघडतं त्यावर."

आणि खरंच, मी चालता चालता आठवायला लागले तर सगळं तसंच. पोर्तुगालमधे शेगा पक्ष २०१९ ला निघाला, एक खासदार. २०२२ ला बारा, २०२४ ला पन्नास, २०२५ ला साठ, दुसरा नंबर. आता सहा वर्षांत पोर्तुगीज माणूस काय मुळापासनं बदलला का? तिथं आधी असं दुकानच नव्हतं, हुकूमशाहीची आठवण ताजी होती. इटलीत मेलोनीबाईंचा पक्ष २०१८ ला ४ टक्क्यांवर, २०२२ ला २६. मधे द्रागींचं सरकार आलं, त्यात जवळपास सगळे मोठे पक्ष जाऊन बसले आणि विरोधात मोठी अशी ही एकटी बाई उरली. ज्यांना सरकारचा राग आला त्यांनी जायचं कुठं?

आणि दारं उघडणारे जुने पक्ष. नेदरलँडमधे विल्डर्स या कडव्या उजव्या नेत्याबरोबर सरकार करणार नाही असं पंतप्रधानांचा पक्ष वर्षानुवर्षं म्हणत होता. २०२३ ला त्यांची नवी नेता आली, म्हणाली आम्ही दार लावून घेत नाही. प्रचार पण स्थलांतराच्याच मुद्द्यावर केला. लोकांनी विचार केला मग अस्सल मालच घेऊया की, १५० पैकी ३७ जागा विल्डर्सला, पहिला नंबर.

फ्रान्समधे उलटं बघा. २००२ ला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत ल पेन, म्हणजे मरीनचा बाप, दुसऱ्या फेरीत पोचला तर डावेसुद्धा नाक दाबून शिराक या मवाळ उजव्या नेत्याकडं गेले, ८२ विरुद्ध १८. २०२२ ला लेक ४१.५ पर्यंत आली. पण २०२४ ला संसदेच्या पहिल्या फेरीत तिचा पक्ष पहिला आल्यावर विरोधातली मतं फुटू नयेत म्हणून दोनशेच्या वर उमेदवारांनी, बहुतेक तिसऱ्या नंबरवरच्यांनी, माघार घेतली आणि तो पक्ष जागांत तिसरा गेला. मतं कमी झाली नव्हती, दारं लावली.

"मग जर्मनीत तर लावलेलीच आहेत," दादा म्हणाला, आणि ते पण खरं. एएफडीबरोबर कुणी सरकारात बसत नाही, त्याला तिकडं अग्निभिंत म्हणतात. तरी २०.८.

आतोबा खूश झाले, हेच त्यांना पाहिजे होतं. "दार नुसतं बंद ठेवलं की वरच्या बाजूला फुगवटा वाढतोय. उघडलं तर खालची गावं बुडतात, नाही उघडलं तर वरची. म्हणून तर आधीपासनं थोडं थोडं सोडायचं असतं, हवामान बघून." म्हटलं आणि डेन्मार्क? तिथं डॅनिश पीपल्स पार्टी २०१५ ला २१ टक्के होती, २०२२ ला ३ च्या पण आत, त्याचं एक कारण म्हणजे सोशल डेमोक्रॅट या डावीकडच्या पक्षानंच स्थलांतराबाबत त्यांच्यासारखं कडक धोरण घेतलं. आतोबा म्हणाले, "ते पाणी कमी नाही झालं, नदी बदलली." आणि मला वाटतं तिथल्या परक्या माणसाला कुठल्या नदीत बुडालो यानं काय फरक पडणार. ते मी बोलले नाही, कारण आतोबा आता ५२४ मीटरवर परत आले होते आणि खाली एक म्हातारी घाटावर भांडी घासत होती.

येताना भडंग घेतलं. रात्री कराडला मामांना फोन लावला, मामींनी उचलला, "झोपलेत" म्हणाल्या. सव्वाआठ वाजले होते.

दिवस पाचवा, बुधवार. विटा, औंध, परत सातारा

विट्याचे काका म्हणजे नानांचे शाळेतले मित्र, गलाईवाले. खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, तमिळनाडू, केरळ, बंगाल, कुठल्याही सराफ बाजारात गल्लीच्या टोकाला भट्टी पेटवून बसलेला माणूस विट्याकडचा निघतो. दुष्काळानं घालवलं. काका त्रिशूरला एकतीस वर्षं होते, आता धंदा पोराकडं. हातावर तेजाबाचे पांढरे डाग, डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत. जुनी मूस त्यांनी शोकेसमधे ठेवलीय, कपबश्यांच्या शेजारी, वाटीएवढी, आतनं काळीनिळी झालेली.

मी त्यांना म्हटलं तुम्ही पण माझ्यासारखेच, परक्या गावात. त्यांना आवडलं. म्हणाले, "कुणी तरास दिला न्हाई. देवमाणसं. मल्याळम मी तुझ्या काकीपेक्षा चांगलं बोलतो." मग जरा थांबून, "गल्लीत एकदा चोरी झाली. सकाळी पहिल्यांदा पोलीस आमच्या दारात. शेजारचा सराफ, रोज माझ्याकडं माल टाकणारा, आम्ही एकत्र चहा प्यायचो, तो उंबऱ्यावर उभा. मी त्याच्याकडं बघितलं तर तो शटरकडं बघाय लागला." चोर सापडला, तिथलाच निघाला. दुसऱ्या दिवशी सराफानं चहा पाठवला. "मी प्यालो. काय करतोस."

परत येताना औंधला यमाईच्या डोंगराखाली चहा, चाळिसावा. बाकी दादा गाडी चालवत होता आणि नाना मागं गप्प.

घरी पोचलो तर शेठ येऊन बसलेले. कराडची गोष्ट त्यांच्यापर्यंत कुणी नेली कुणास ठाऊक, सातारा आहे ते. नाना काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "नाना, माझं नाव खाली घ्या की. काय फरक पडतोय. मामा मोठा माणूस, त्यांचा मान हाय." नाना म्हणाले अहो असं कसं, भागीदार तुम्ही. शेठ म्हणाले, "घ्या हो." आणि नानांनी फोन उचलला, छापणाऱ्याला लावला. मला वाटलं होतं अजून एकदा तरी नाही म्हणतील.

तासाभरात मोबाइलवर नमुना आला. मामा वेगळ्या ओळीत, ठळक, लाल अक्षरात. शेठ व्यवस्थापकांत सगळ्यात शेवटी, दादाच्या मित्रांच्या खाली. नानांनी मामांना पाठवला, दोन मिनिटांत अंगठा आला. शेठनी चहा संपवला, उठले, दारात चपला घालायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला, का मलाच तसं वाटलं.

जुन्या पत्रिकांचा उरलेला गठ्ठा काकूनं रद्दीत ठेवला होता. त्यातली एक काढून मी बॅगेत टाकली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी येतानाच सांगितलं होतं, तुमच्याकडची लग्नाची पत्रिका आण म्हणून. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पसरणार, चष्मा लावणार आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मला विचारणार, हा कोण, आणि हा?